गठ्ठा

विट्याच्या पुढं, आमच्या गावच्या मतदारयादीत
काही नावांपुढं पेन्सिलीनं 'बा' लिहिलेलं असायचं.
बा म्हणजे बाहेरगावी.
त्रिचूरला बेचाळीस वर्षं मी सोनं आटवलं
आणि गावात त्या एका अक्षरात राहिलो.

ग्रामपंचायत लागली की ट्रॅव्हल्सच्या गाड्या
थेट आमच्या भट्ट्यांपाशी यायच्या, जेवणासकट.
निपाणी ओलांडली की धाब्यावर
शंकरतात्या बोटं मोडत मोजायचे,
"गलाईवाले दोनशे चाळीस. एकगठ्ठा. आपलेच."
आम्ही रस्सा ओरपत मान हलवायचो.

तेजूचा फोन येतो तो आमच्या रात्री, तिच्या सकाळी.
डेट्रॉइटजवळ राहते, आता तिथली नागरिक.
"आबा, यंदा माझं पहिलं मत.
टीव्हीवर रोज तक्ते असतात,
आशियाई इतके टक्के इकडं, अरब इतके टक्के तिकडं."
आशियाई म्हणजे कोण कोण गं?
तिनं अख्खी गल्ली सांगितली.
शिलेटचा लुत्फर, दुकानाच्या भाड्यानं पिचलेला.
फिलिपिन्सची मारिसेल, रात्रपाळीची नर्स,
आधी चर्चमध्ये विचारणार, मग ठरवणार.
एक कोरियन आजोबा, ज्यांना लढाई आठवते
आणि तेवढीच आठवते.
आणि मी, म्हणाली.
"सगळे एकाच मुशीत?"
"एकाच रकान्यात."

समोरची नबीला येमेनची.
तिला कित्येक वर्षं रकानाच नव्हता,
'गोरे' लिहिलेल्या चौकोनात खूण करायची
आणि स्वतःच्या मनगटाकडं बघून हसायची.
तिच्या माहेरची गल्ली बॉम्बनं गेली.
नवरा म्हणतो, या खेपेला कुणालाच नको,
त्याच्या पेट्रोल पंपावर बसणारे सगळे तेच म्हणतात.
नबीला कप विसळता विसळता म्हणाली, मी जाणार.
कुणासाठी, ते नाही बोलली.

मला सोन्याचं कळतं, माणसांचं तेवढं नाही.
सराफकट्ट्याची झाडलोट आम्ही पोत्यानं विकत घ्यायचो,
केस, राख, कोळसा, कुणाच्या तरी चपलेची माती.
सुहागा टाकून आटवली की एकच लगड,
गुळगुळीत, बघणाऱ्याला बरी वाटणारी.
पण नुसती लगड बघून कस सांगणारा
मी उभ्या जन्मात पाहिला नाही.
कोपरा तोडायचा, तेजाबात सोडायचा,
तांबूस धूर घशात जायचा तो जायचाच.
चांदी पाण्यात विरघळते, दिसत नाही,
म्हणून ती नव्हतीच असं थोडंच.
तांब्याची पट्टी बुडवून ठेवा रात्रभर,
सकाळी करडी होऊन परत येते.

एक सांगायचं राहिलं,
बायकोलाही नव्हतं सांगितलं.
सत्त्याण्णव सालात गाडी तात्यांची, रस्सा तात्यांचा,
आणि शिक्का मी छत्रीवर मारला.
छत्री सोनाबाई माळव्यांची. कारण म्हणाल तर एवढंच,
टँकरच्या रांगेत एकदा त्यांनी माझ्या आईची घागर
न बोलता पुढं घेतली होती.
आठ मतांनी पडल्या.
तात्या म्हणाले, गठ्ठा शाबूत.
मी मात्र आकडे पाहून आलो होतो.
आमच्या बूथवर सोनाबाईंना एकोणतीस.
त्यांची भावकी दहा. एक मी.
परतीच्या वाटेवर रात्रभर
झोपलेल्या तोंडांवरून नजर फिरवत बसलो,
अठरा जण कुठल्या कुठल्या गाडीत होते
आणि एकजात घोरत होते.

काल तेजूनं फोटो पाठवला,
कोटावर गोल चिकटपट्टी, नाक लाल झालेलं.
"आबा, इथल्या मराठी मंडळानं
सगळ्यांना एकच नाव कळवलं होतं."
मग?
"मग काही नाही. जाऊन आले."
जिभेवर आलं होतं, विचारावं.
थंडी फार आहे का, एवढंच विचारलं.
हो म्हणाली,
आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ
फोन न ठेवता गप्प होतो.