समुद्राची झुळूक

निळ्या कॅनवर लिहिलंय : समुद्राची झुळूक.
देओलिंदा हसते. म्हणते, या लोकांनी
समुद्र कधी हुंगलाच नाही.
तिच्या बेटावर, साओ निकोलाउला, समुद्राला वास यायचा
उन्हात टांगलेल्या माशांचा, डिझेलचा,
बोटीच्या कुजक्या दोराचा.
लिंबाशी त्याचं काही नातं नव्हतं.

पहाटे साडेचारला, लिस्बनमधल्या अकराव्या मजल्यावर
आम्ही दोघी. तिच्याकडे संडास, माझ्याकडे टेबलं.
खिडक्या उघडत नाहीत,
त्या नदी दिसावी म्हणून बसवल्यात.
नऊला नाकाने कांदे सोलणारी माणसं येतील,
म्हणतील, वा, काय स्वच्छ वास येतोय.
स्वच्छतेला वास असतो
हे यांना कुणी शिकवलं?

फेब्रुवारीत कंपनीने माल बदलला.
नव्या बाटलीवर अक्षरं मुंगीच्या पायांएवढी,
आणि लाल चौकटीत एक चित्र :
हात, हातावर थेंब, थेंबाखाली खड्डा.
चित्र कळायला भाषा लागत नाही
पण वेळ लागतो, आणि मजल्याला मिळतात चाळीस मिनिटं.
तिने ब्लीच ओतलं होतं. त्यावर हे ओतलं.
मी धावले तेव्हा ती दारात बसलेली,
ॲप्रन तोंडावर, डोळ्यांना धार,
आणि हाताने मला खुणावत होती : येऊ नकोस,
लादी ओली आहे.

तेव्हापासून खोकला हात धुऊन मागे लागलाय.
डॉक्टरने विचारलं, सिगारेट? नाही.
घरात कुणी ओढतं? मांजर? कबुतरं? भिंतीला ओल?
अठरा वर्षं रोज सहा तास
काय श्वासात घेता, ते फॉर्मवर नव्हतं.
तीही बोलली नाही. कंत्राट जूनपर्यंतच आहे.

काल तिच्याकडे जेवायला गेले.
मक्या-घेवड्याचा काचुपा बुडाला लागलेला,
करपट वास पार जिन्यापर्यंत.
ती पातेल्यावर वाकून ढवळत होती,
म्हणाली, छान झालाय ना?
तिची झेनायदा आली, गॅस बंद केला,
आईकडे बघितलं,
मग खिडकी उघडली. सताड.

पातेलं घासायला मी घेतलं.
सिंकखाली हात घातला तर तिथे काहीच नाही,
एक मिठाची पुडी, लिंबाच्या वाळक्या साली.
बाटल्या कुठे गेल्या, मी विचारलं नाही.
"मावशी, जोर लावा," झेनायदा म्हणाली.

लावतेय.
बूड अजून काळंच आहे.