प्लास्टिकचा हात

पोरीले नर्स व्हायचं हाये.
मी मारेगावच्या सरकारी दवाखान्यात बावीस वर्सांपासून फरशी पुसते,
तवा कॉलेज पाहाले मीच जाईन म्हनलं.
मोनालीचा बाबा नुसता बोर्ड वाचून खुश होते.

पिशवीत मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा कागद,
डब्यात पोळ्या अन् कांद्याचा झुनका.
एसटीले बायांचं अर्धं तिकीट,
म्हनून तीन गावं पाहून झाले.
सरकारी कॉलेजच्या यादीत तिचं नाव होतं खरं,
पन जेथी जागा संपल्या तेथून एकसष्ट नावं खाली.

पहिलं कॉलेज हायवेवर. काचेचं.
आत इतकं गार का मोनालीनं ओढनी अंगाले गुंडाळली.
साहेब म्हने, नोकरी पक्की, जर्मनीत बी.
वर्साचे एक लाख चाळीस, होस्टेल वेगळं,
अन् पावती नसलेले किती, ते मॅडम सांगतीन.
मी म्हनलं, दवाखाना दाखवा.
तीस खाटा. तीस चादरी, इस्तरीची घडी तशीच.
मी उशी नाकाले लावली.
दुकानाचा वास आला.
जेथी मानूस पडते तेथी फिनाईल असते, घाम असते,
कोनीतरी खाल्लेल्या संत्र्याची साल असते खाटेखाली;
ती साल मीच तं उचलते रोज.
प्रयोगशाळेत प्लास्टिकचा एक हात, सुई शिकासाठी.
पन्नीतून काढलाच नोता.

दुसरं स्वस्त. चाळीस हजार.
दोन खोल्या, खाली मोबाईलचं दुकान.
हजेरी आम्हीच लावू, म्हने, पेपरले आली तरी चालते.
मोनाली माह्या कानात बोलली, आई, एवढ्यात बसते आपलं.
बसते.
पन मले परसालची ती नवी सिस्टर दिसली.
चार दिवसांचं लेकरू, मनगट माह्या अंगठ्याएवढं,
अन् ती नस शोधे.
एकदा. दोनदा. पाचव्यांदा तिच्याच डोळ्यात पानी.
लेकराची माय भिंतीकडे तोंड करून उभी.
मी बादली ठेवली, लेकराचे पाय धरून बसली.
तिले काय बोलू? तिनं बी कुठीतरी
फी भरलीच होती.

तिसरं वर्ध्याच्या पुढं, ट्रस्टचा जुना दवाखाना.
पोपडे निघालेले, बोर्डातलं एक अक्षर पडलेलं.
ओपीडीची रांग पार चिंचेखाली.
तेथच्या पोरीयचे हात पाह्यले मी,
धुऊधुऊ बोटं फाटलेले.
टेबलावर प्लास्टिकचा हात, कोपराची चाळनी झालेली,
वरून चिकटपट्टी, चिकटपट्टीले बी भोकं.
इतक्यात जाड चष्म्याची एक बाई
मोनालीवर खेकसली, नखं!
अजून फॉर्म बी भरला नोता आम्ही.

तवाच ठरलं माहं.

अठ्ठ्याहत्तर हजार. चार हप्ते.
क्लार्क म्हने, स्कॉलरशिप येते, पन उशिरा येते,
खोटं काहाले सांगू.
मी मनात भिशी मोजली, आरडी मोजली,
धाकट्या नंदेले मागाचे वीस मोजले.
दुसऱ्या हप्त्यापाशी हिशेब थांबला.
थांबू दे.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा तिले देली.
मी बाही वर केली, म्हनलं, पाह्य,
कपडा पिळूपिळू दोरीसारखी फुगली हाये नस,
आंधळ्याले बी सापडीन.
पहिली सुई इथं टोच.
ती बोललीच नाई, नखं कुरतडत होती.
दातानं नको, म्हनलं,
देवळीले गाडी थांबली का नेलकटर घेऊ.