रकाना

निकेश. वय एक वर्ष अकरा महिने.
वजन नऊ किलो दोनशे,
दंडाची पट्टी पिवळ्यात.
कडुनिंबाला टांगलेल्या झोळीत
तो काट्याकडे बघतच नाही,
माझ्या पेनाचं टोपण मागतो.

सुकेशिनी सांगते,
"पोट्टं लय चाबरं झालं, बाई.
काल माह्या चपला लपवल्या यानं.
सांजीले निंघाल्या, जवारीच्या पोत्यातून."

म्हणजे याला कळलंय,
चपला गेल्या की माय जाते,
पऱ्हाटीच्या तासात निंदायला,
दिवस बुडेस्तोवर.
कुणी शिकवलं नव्हतं हे.
दोन शब्द जोडता येत नाहीत अजून.

मी रजिस्टर चाळते.
उंची आहे, लस आहे, जंताची गोळी आहे.
चपलांना रकाना नाही.

"मंग?"
"मंग काय. गेली तशीच, अनवाणी."

निकेश टोपण चावतो.
काल दुपारभर
त्या पोत्याला टेकून बसला असेल,
चपला आत,
माय तरी गेलेली.
तेव्हा काय कळलं असेल याला?

टोपण त्याच्याच तोंडात राहू देते.
समासात लिहिते : चपला.
पुढल्या महिन्यात सुपरवायझर विचारतील,
हे काय लिहिलंय, मंदाताई?