मठाची गाडी

सत्तावीस रुपये किलोनं दिली होती मी तिला,
माती आणि गंजाची दोन टक्के घट धरून.
वजनकाट्यावर ती स्वतःच्या चाकांनी चढली,
एवढं बघितलं, आणि पावती खिशात घालून
मागच्या गल्लीत चहाला गेलो.

तीन महिन्यांनी परत त्याच उद्यमनगरात,
दुसऱ्या टेम्पोला डायव्हर बाजूचा दरवाजा शोधत.
दस्तगीरच्या दुकानात वर बघू नये,
सायलेन्सर डोक्याला लागतात.
खाली बघू नये,
ऑइल प्यालेली माती चप्पल धरून ठेवते.
मधल्या उंचीनं बघत जायचं :
कोरडे रेडिएटर, पाट्यांची चळत,
एका मडगार्डावर निम्मंच उरलेलं
'कु. शर्वरी, कु.'

तो दरवाज्यांची थप्पी पत्त्यांसारखी पिसतो.
तिसरा पुढं ओढतो. निळा.
मुंग्या.
बिजागरीच्या भोकातनं बाहेर येऊन
हँडलखालच्या वेल्डिंगला वळसा घालून
परत आत.

सोळा वर्षं मार्केट यार्डातनं गूळ वाहिला मी.
उन्हाळ्यात रवे पाझरायचे,
फळ्यांच्या फटीतनं चासीवर उतरायचे.
मालन माझा शर्ट वेगळा वाळत घालायची.
आणि ते वेल्डिंग माझंच, वाकडं,
शिरोलीत एका शेडमध्ये रात्री
कुणाचा तरी होल्डर मागून घेऊन मारलेलं.

दस्तगीर सुरू होतो :
"सिंगल हँड माल हाय भाऊ.
गडहिंग्लजकडच्या एका मठाची गाडी.
आठवड्यातनं एकदा निघायची, स्वामी मागं बसायचे.
भाडं न्हाई, ओव्हरलोड न्हाई."
"आणि मुंग्या?"
"प्रसाद वाहायची की हो!"

मी ऐकत राहतो.
माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं.

ओव्हरलोड न्हाई.
करूळच्या घाटात पहिल्या गिअरवर
कण्हत चढायची ती.
आणि मागं बसायचा तो तातोबा,
रव्यांवर आडवा, टोपी तोंडावर.
दर खेपेला दरवाज्याच्या आतल्या पत्र्यावर
खिळ्यानं एक रेघ ओढायचा.
चार उभ्या, पाचवी आडवी.
हिशोबाला बसलो तेव्हा
त्याच्या रेघा अकराशे चौदा,
माझ्या वहीत अकराशे नऊ.
पाच खेपांवरनं तो इचलकरंजीला गेला, मागाच्या कामाला.
मी म्हणालो, जा.

इंजिन कुठं गेलं, विचारावंसं वाटतं. विचारत नाही.
शिरोलीच्या भट्टीतनं वितळून
एव्हाना कुणाच्या तरी विहिरीवर
पंपाचं पोट झालं असेल,
उसाला पाणी पाजत असेल.
म्हणजे परत गुळाच्याच कामाला.

"अठराशे."
"बाराशे."
"मठाचा हाय भाऊ, पाप लागंल."
चौदाशे पन्नासला तुटलं.
चौदा किलोचा दरवाजा,
माझ्याकडनं गेला तेव्हा तीनशे सत्तर आणि वर चिल्लर.
फरक स्वामींना दक्षिणा.

रिक्षात आडवा बांधताना आतली बाजू वर आली.
दस्तगीरनं डिझेलचं फडकं उचललं.
"राहू दे," मी म्हणालो.
त्यानं वाकून बघितलं.
"मठात कोण तरी जप मोजत असणार."
"असणार."

रात्री मालनला बॅटरी धरायला लावून मोजल्या.
अकराशे चौदा.
परत मोजल्या.
मुंग्या तिच्या बांगड्यांपर्यंत आल्या
तरी तिनं हात हलवला नाही.

तातोबाचा नंबर लागत नाही.
"पाच खेपांचं किती होतं?" मालन विचारते.
मी वही काढतो.
"तवाच्या दरानं," ती म्हणते,
"का आत्ताच्या?"