कारण : इतर

मोंगूच्या कचेरीत, माझ्या पडद्यावर
तुमची शाळा म्हणजे एक लाल ठिपका होती, बाई.
आजूबाजूचे सगळे हिरवे.
रोज सकाळी चहा ढवळत मी त्यावर बोट ठेवायचो
आणि तेच वाक्य धाडायचो :
हजेरीचा अहवाल प्रलंबित.
तेराव्यांदा धाडलं तेव्हा
वर 'आदरणीय'सुद्धा घातलं नाही.

पूर्वी आम्ही कागदी घोडे नाचवायचो.
आता ते विजेवर नाचतात,
आणि कोणतं घोडं कुठे अडलंय ते रंगात दिसतं.

वर्षभर मी तुम्हाला पाण्यात पाहत होतो.
मग एप्रिलात साहेबांनी मला होडीत बसवलं,
'जा, त्या नामाकाउ लुबिंदाला टॅबलेट शिकवून ये.'
पाच तास वल्ह्यांचा आवाज ऐकल्यावर कळलं
की तुम्ही खरोखरच पाण्यात होतात.

झांबेझी कुठे संपते आणि शाळा कुठे सुरू होते
हे विचारायची सोय नव्हती.
तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत कमळं टेकली होती.
टॅबलेट निघाला मक्याच्या पिठाच्या पिशवीतून,
सातवीच्या उत्तरपत्रिकांखालून, कोरडा ठणठणीत.
दवाखान्यातलं सौर पॅनल लसींच्या फ्रिजसाठी आहे,
नर्स गुरुवारी दोन तास उसने देते,
हे तुम्ही सांगितलंत, तक्रार म्हणून नाही.

मी शिकवायला लागलो. हे बटण, हा पासवर्ड.
तुम्ही ऐकलंत,
चुकीचा पाढा म्हणणाऱ्या पोराचं ऐकतात तसं,
आणि म्हणालात, 'चला.'

शाळेमागे वारूळ. दोन पुरुष उंच.
कुदळीनं खोदलेल्या पायऱ्या.
'मुन्डियाने केल्या, सातवीतल्या.
नेटवर्क शेवटच्या पायरीवर.
त्याखाली नुसती वेळ कळते.'
तुम्ही वर चढलात, टॅबलेट डोक्यावर धरलात,
पाण्याची बादली धरावी तसा.
एक रेघ आली. गेली.
'पोरं म्हणतात, वारा पलीकडून आला की येतं.
मी असलं काही मानत नाही,'
असं म्हणून तुम्ही वाऱ्याची वाट पाहत राहिलात.

शाळेतील संगणकांची संख्या : एक.
'हाच,' तुम्ही म्हणालात.
वीज : आहे / नाही.
'गुरुवार कुठे लिहू?'
मग गैरहजर मुलं. इनोंगे, आणि आणखी सदतीस.
कारण निवडा : आजार. स्थलांतर. शेतीकाम. इतर.

ती यादी मी केली होती, बाई.
लुसाकात, थंडगार हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीआधी.
पाचवं कारण पडद्यावर मावत नव्हतं.

'पाणी दरवर्षी येतं,' तुम्ही म्हणालात,
'आमच्या आधीपासून येतं.
त्याला इतर कसं म्हणू? इतर तर आपण.'
आणि अडतीस वेळा 'इतर' दाबलंत.

गोल फिरत राहिलं.
एक वाळवी पडद्यावर आली,
तुम्ही बोटानं तिला हलकेच कडेला नेलंत,
तेवढ्यात गेलं. अहवाल पोचला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

खाली येऊन तुम्ही वही काढलीत.
पुन्हा तीच अडतीस नावं, निळ्या शाईत.
मी म्हणालो, आता याची गरज नाही.
'ते तुमच्यासाठी. हे माझ्यासाठी.'
इनोंगेच्या नावापुढे लिहिलं होतं :
होडी गळते. मामाला डांबर आणायला सांगितलंय.
मंगळवारी पुन्हा विचारणे.

पाचव्या कारणासाठी मी अर्ज केलाय.
उत्तर आलं : पुढील आवृत्तीत विचार होईल.

तुमचा ठिपका हिरवा होतो, पुन्हा लाल होतो.
ते वाक्य मी आता धाडत नाही.
गुरुवारी चारनंतरही तो लालच राहिला
तर उठून खिडकी उघडतो
आणि वारा कुठून येतोय ते आधी बघतो.