बेचाळीस अंश

दुपारी लाईट गेली.
इन्क्युबेटर सदतीसवर थांबला,
खोली त्याच्या पुढं गेली.
कोंगारी मॅडम म्हणाल्या, मेले असतील गं.

मेले नव्हते.
त्यांच्यात एक चिठ्ठी असते,
स्वतःच्याच अंगाला चिकटून दुमडलेली.
गारव्यात वाचताच येत नाही.
बेचाळीसला गाठ सैल होते,
अक्षरं उघडी पडतात,
सिग्मा बत्तीस तयार होतो
आणि रोजची कामं मागं सारून सांगतो:
आधी घड्या!

कारण तापल्यावर प्रथिनांच्या घड्या मोडतात,
एकाला एक चिकटून
नुसता गिचका.

अम्मा अशोक चौकातल्या कारखान्यात
टॉवेलच्या घड्या घालायची,
पत्र्याखाली, मे महिन्यात.
बिघडलेली घडी झटकायची, पुन्हा घालायची.
टॉवेलचा काय दोष, म्हणायची.

साडेपाचला लाईट आली.
आत, काम सरल्यावर,
घड्या घालणारेच मोकळ्या हातांनी
सिग्माला धरून मोडीत नेतात.
हुकूम संपतो.

घरी आले.
कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली,
कूलर चालू, अम्मा झोपलेली,
आणि तिची बोटं चादरीचा काठ
दुमडतायत, सोडतायत, दुमडतायत.
गार झालंय, हे त्यांना
अजून कुणी कळवलेलं नाही.