नमुना क्रमांक एकोणचाळीस

चित्रात गहू लाल दिसतो.
दर वर्षी नव्या मुलांना हे सांगावं लागतं,
आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं,
मग लाल काय दिसतं, मॅडम?
हिरवं, मी म्हणते.
वर्ग हसतो.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत इंदूर
कागदावर टेकवलेल्या अंगठ्याएवढं,
भोवती सगळा लाल गहू.
मग ते रस्ते धरून निघालं,
देवासचा, उज्जैनचा, खंडव्याचा,
पोहता न येणारा विहिरीची कड धरून सरकतो तसं.
रस्ता सोडून मध्ये उतरायची हिंमत
त्याला बऱ्याच उशिरा आली.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद,
एवढा एक ठिपका, आणि त्याला एकच रंग.
रामबागेतलं आमचं घर, तांब्यांची गच्ची,
मधला कडुनिंब, वाळत टाकलेली गोधडी,
सगळ्यांची मिळून एक सरासरी.
आई विचारायची, त्यात मी कुठे?
आहेस, मी म्हणायचे,
दशांश चिन्हानंतर कुठेतरी.

यंत्राला शिकवावं लागतं: हे पाणी, हे पीक, हे बांधकाम.
शिकतं ते. फक्त सोयाबीन निघाल्यावरचं
ऑक्टोबरातलं उघडं शेत आणि सिमेंट
त्याला सख्खे भाऊ वाटतात.
म्हणून जाऊन बघायचं.
आमच्यात त्याला भूसत्य म्हणतात. शब्द भारी,
काम म्हणजे मोघेच्या स्कूटरवर मागे बसायचं,
मांडीवर माती काढायचं गिरमिट आडवं धरायचं
आणि तिल्लोरच्या पुढे वाट चुकायची.

नमुना एकोणचाळीस. यंत्राचं उत्तर: बांधकाम.
समोर अंबाराम कलोतांचं शेत,
ढेकळं आतून अजून ओली,
बांधावरून टिटवी आमच्यावर ओरडतेय.
"ऊपर से कई दिखे, बैन?"
म्हटलं, तुमचं शेत घर दिसतंय.
ते बराच वेळ हसले.
"तो भाडो कुण देगो?"

ढेकूळ फोडलं, बाटलीतलं पाणी शिंपडलं,
रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनाशेजारी धरलं:
दहा वायआर, तीन, एक. फार गडद करडा.
त्यांची सून रामकन्या मान तिरकी करून बघत होती.
आत्ता शहाण्यासारखी वागतेय, म्हणाली, जेठात या.
हात कोपरापर्यंत आत जातो.
माझं जोडवं गेलंय एका भेगेत,
दोन नांगरट्या झाल्या, परत दिलं नाही.
मोघेनं भेगेची खोली लिहून घेतली.
जोडव्यासाठी रकाना नव्हता.

चुकांच्या तक्त्यात एकोणचाळीस
कर्णाच्या बाहेर पडला.
अचूकता सत्त्याऐंशी टक्के. निबंध छापून आला.

परवा, सहा वर्षांनी, नवं चित्र उघडलं.
तोच अक्षांश, तोच रेखांश.
निळसर राखाडी, सरळ कडांचं.
मोघे म्हणाला, बघा, यंत्र चुकलं नव्हतं,
त्याला जरा घाई झाली होती.
त्याला वाटलं, मला ऐकूच आलं नाही.

जुन्या वहीतला नंबर लावला. रामकन्यानं उचलला.
सासरे बरे आहेत. आम्ही वर राहतो,
खाली औषधांचं गोदाम, भाडं येतं वेळेवर.
मग आवाज थोडा खाली:
पायरीपासून खिडकीपर्यंत तडा गेलाय.
जेठात बोट जातं, पावसात आपोआप मिटतो.
मिस्त्री म्हणतो, रंगाचा दोष.
मी म्हटलं, मातीच तशी आहे ती.
मला माहीत आहे, ती म्हणाली,
मिस्त्रीला सांगा.

पिशवी अजून फडताळात आहे.
पाव किलो, वर माझ्याच अक्षरात ३९,
आणि "बांधकाम" खोडून लिहिलेलं "शेत".
पावसाळ्यात दमट हवेनं फुगते, प्लास्टिक ताणलं जातं.
या वेळी खोडरबर हातात घेऊन
बराच वेळ उभी राहिले.
मग ठेवलं तसंच.